'जर' आणि 'तर' जाणणारे गणिती : भास्कराचार्य

(भास्कराचार्य हे बाराव्या शतकातील थोर भारतीय गणिती आणि ज्योतिर्विद. नियम कधी लागू पडतो आणि कधी लागू पडत नाही, हे ते आपल्या ग्रंथांत नेमकेपणाने सांगत. आज संगणकाला सूचना देताना हाच विचार उपयोगी पडतो. त्यांच्या जीवनाची आणि कार्याची ओळख या पाठात करून दिली आहे.)

मुलांनो, तुम्ही घाटकोपरला राहता आणि तुम्हांला बोरिवलीला मावशीकडे जायचे आहे, असे समजा. घरातून निघताना आई सांगते, "जर मेट्रो चालू असेल, तर मेट्रोने अंधेरीला जा आणि तिथून लोकलने बोरिवली गाठ. नाहीतर दादरला जाऊन गाडी बदल." आईने तुम्हांला एक अट सांगितली. अट म्हणजेच शर्त. अट पुरी झाली तर एक रस्ता, नाही झाली तर दुसरा रस्ता. उर्दूत आपण 'अगर' आणि 'वरना' म्हणतो. मराठीत 'जर', 'तर' आणि 'नाहीतर' म्हणतो.

संगणकाशी बोलण्याची रीतही अशीच आहे. संगणक अतिशय वेगाने काम करतो. पण तो स्वतःहून विचार करत नाही. त्याला प्रत्येक गोष्ट सांगावी लागते. एका शाळेतील मुलीने वर्गाच्या गुणांची सरासरी काढणारा कार्यक्रम लिहिला आहे, अशी कल्पना करा. सर्व गुणांची बेरीज करायची आणि मुलांच्या संख्येने भागायचे. सूचना बरोबर होती. चाळीस मुलांचे गुण दिले, उत्तर अचूक आले. मग तिच्या मैत्रिणीने गंमत म्हणून एकाही मुलाचे गुण न देता कळ दाबली. संगणक अडला आणि त्याने चूक दाखवली. कारण त्याला शून्याने भागावे लागले होते! त्या मुलीने एक ओळ वाढवली : जर मुलांची संख्या शून्य असेल, तर भागू नकोस, 'गुण भरा' असे सांग, नाहीतर भागाकार कर. कार्यक्रम पुन्हा सुरळीत चालू लागला.

शून्याने भागले तर काय होते? कोणता नियम कधी लावावा? आलेले उत्तर केव्हा स्वीकारावे आणि केव्हा सोडून द्यावे? या प्रश्नांचा विचार आपल्या महाराष्ट्राच्या भूमीशी नाते असलेल्या एका विद्वानाने सुमारे पावणेनऊशे वर्षांपूर्वी केला होता. त्यांचे नाव भास्कराचार्य.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. ही माहिती त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडविड हे त्यांचे गाव. हे गाव जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळ, पाटणच्या परिसरात असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. काही अभ्यासक मात्र कर्नाटकातील विजापूरचे नाव घेतात. त्यांचे वडील महेश्वर हे नामांकित ज्योतिषी होते. तेच भास्कराचार्यांचे गुरू. घरातच विद्या होती. लहानपणापासून आकाशातील ग्रह-तारे आणि पाटीवरचे आकडे यांच्या संगतीत ते वाढले.

वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' हा मोठा ग्रंथ लिहिला. त्याचे चार भाग आहेत. पहिला 'लीलावती'. त्यात अंकगणित आणि भूमिती आहे. दुसरा 'बीजगणित'. तिसरा 'ग्रहगणित' आणि चौथा 'गोलाध्याय'. शेवटच्या दोन भागांत ग्रहांच्या गतीचे आणि खगोलाचे विवेचन आहे. उतारवयातही त्यांचा अभ्यास थांबला नाही. एकोणसत्तराव्या वर्षी, इ. स. ११८३ मध्ये, त्यांनी 'करणकुतूहल' नावाचा आणखी एक ग्रंथ लिहिला. ग्रहांचे गणित सोप्या रीतीने कसे करावे, हे त्यात सांगितले आहे.

'लीलावती' हे नाव कसे पडले, याविषयी एक कथा सांगतात. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी. तिच्या विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठी पाण्यावर तरंगणारे घटिकापात्र ठेवले होते. पात्राच्या तळाला बारीक छिद्र होते. त्यातून पाणी आत येऊन पात्र बुडाले, की मुहूर्ताची वेळ झाली असे समजायचे. लीलावती कुतूहलाने पात्रात डोकावली. तिच्या अंगावरील एक मोती नकळत आत पडला आणि छिद्र बुजले. पात्र बुडाले नाही. मुहूर्त टळून गेला. दुःखी झालेल्या मुलीचे नाव अमर व्हावे, म्हणून पित्याने आपल्या ग्रंथाला तिचे नाव दिले. ही कथा फैजीच्या फारसी अनुवादात आढळते. भास्कराचार्यांच्या स्वतःच्या ग्रंथात ती नाही. म्हणून ती दंतकथा समजावी. ग्रंथातील कितीतरी गणिते मात्र एखाद्या मुलीला प्रेमाने विचारल्यासारखी आहेत, हे खरे.

ही गणिते रूक्ष नाहीत. त्यांत भुंगे आहेत, हंस आहेत, कमळे आहेत. एका गणितात नऊ हात उंचीच्या खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या तळाशी सापाचे बीळ आहे. साप सत्तावीस हात अंतरावरून बिळाकडे येत आहे. मोर त्याच्यावर झेप घेतो. जर दोघांनी सारखेच अंतर कापले, तर ते बिळापासून किती अंतरावर भेटतील? उत्तर येते बारा हात. पण हे उत्तर 'सारखेच अंतर' या अटीवर उभे आहे. अट काढून टाकली, तर उत्तरही उरत नाही.

आता भास्कराचार्य नियम कसे सांगत, ते पाहू. तुम्हांला त्रैराशिक येते. चार वह्यांची किंमत ऐंशी रुपये, तर आठ वह्यांची किती? एकशे साठ. आता दुसरे गणित पाहा. चार गवंडी एक भिंत सहा दिवसांत बांधतात, तर आठ गवंडी ती भिंत किती दिवसांत बांधतील? घाईघाईने पहिलाच नियम लावला, तर उत्तर बारा दिवस येईल. माणसे वाढली आणि दिवसही वाढले! हे कसे शक्य आहे? खरे उत्तर तीन दिवस आहे. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त हा भेद स्पष्ट केला आहे. एक वस्तू वाढली असता दुसरीही वाढत असेल, तर साधे त्रैराशिक वापरावे. एक वाढली असता दुसरी कमी होत असेल, तर व्यस्त त्रैराशिक वापरावे. त्यांचे एक उदाहरण धान्याच्या राशीचे आहे. सात आढकांच्या मापाने मोजले, तर रास शंभर मापे भरते. पाच आढकांच्या मापाने ती किती मापे भरेल? माप लहान झाले, म्हणून संख्या वाढेल. उत्तर एकशे चाळीस. आधी अट तपासायची आणि मगच नियम निवडायचा, ही शिस्त ते विद्यार्थ्याला लावतात.

त्यांच्या 'कुट्टक' नावाच्या रीतीत तर ही शिस्त पावलोपावली दिसते. एखाद्या संख्येला ठरावीक संख्येने गुणले, त्यात काही मिळवले आणि मग दुसऱ्या एका संख्येने निःशेष भाग गेला पाहिजे. तर ती संख्या कोणती? अशा प्रश्नांसाठी कुट्टक वापरतात. या रीतीत पुन्हा पुन्हा भागाकार करावे लागतात. शेवटी भागाकारांची संख्या मोजायची. ती सम असेल, तर आलेले उत्तर तसेच घ्यायचे. ती विषम असेल, तर ते ठरलेल्या संख्येतून वजा करायचे. हे आजच्या संगणकाच्या सूचनेसारखेच नाही का?

त्याआधीही एक अट आहे, आणि ती फार महत्त्वाची आहे. गुणणारी आणि भागणारी, अशा दोन्ही संख्यांना ज्या संख्येने भाग जातो, तिने मिळवायच्या संख्येलाही भाग गेला पाहिजे. जात नसेल, तर तो प्रश्नच सदोष आहे, असे भास्कराचार्य सांगतात. याचा अर्थ एका साध्या उदाहरणाने समजून घेऊ. एका मिठाईवाल्याकडे लाडूंच्या दोनच प्रकारच्या पेट्या आहेत. एकीत सहा लाडू, दुसरीत नऊ. पेटी फोडायची नाही. तो एकवीस लाडू देऊ शकेल का? हो. सहाच्या दोन पेट्या आणि नऊची एक पेटी. वीस लाडू देऊ शकेल का? कितीही पेट्या मांडून पाहा, वीस जमणार नाहीत. कारण सहा आणि नऊ या दोन्ही संख्यांना तीनने भाग जातो; वीसला तो जात नाही. ही अट आधी तपासली नाही, तर माणूस कंटाळून थांबेल. पण संगणक मात्र 'थांब' असे सांगितले नसेल, तर शोधतच राहील. जे कधी सापडणार नाही, ते शोधण्यात किती वेळ वाया जाईल!

उत्तर मिळाले, की काम संपले असेही भास्कराचार्य मानत नाहीत. 'बीजगणित' या ग्रंथात त्यांनी वानरांची दोन गणिते दिली आहेत. पहिल्या गणितात वानरांच्या कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग होईल इतकी वानरे वनात खेळत आहेत आणि उरलेली बारा टेकडीवर आहेत. कळपात एकूण वानरे किती? या गणिताची दोन उत्तरे येतात : अठ्ठेचाळीस आणि सोळा. पडताळा घ्या. अठ्ठेचाळीसचा आठवा भाग सहा; सहाचा वर्ग छत्तीस; त्यात बारा मिळवले, की अठ्ठेचाळीस. सोळाचा आठवा भाग दोन. दोनचा वर्ग चार. त्यात बारा मिळवले, की सोळा. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. भास्कराचार्यांनी दोन्ही स्वीकारली.

दुसऱ्या गणितात कळपाचा पाचवा भाग घ्यायचा, त्यातून तीन वजा करायचे आणि जे उरेल त्याचा वर्ग करायचा. तितकी वानरे गुहेत गेली आणि एक वानर फांदीवर चढताना दिसले. कळप केवढा? इथेही दोन उत्तरे येतात : पन्नास आणि पाच. पन्नासचा पाचवा भाग दहा. त्यातून तीन गेले, सात उरले. साताचा वर्ग एकोणपन्नास. त्यात एक मिळवला, की पन्नास. हे जुळले. आता पाच घेऊन पाहा. पाचाचा पाचवा भाग एक. एका वानरातून तीन वानरे कशी वजा करणार? कागदावर ऋण दोन लिहिता येते आणि त्याचा वर्ग करून गणित जुळवताही येते. पण वनात ऋण दोन वानरे नसतात. म्हणून भास्कराचार्यांनी पाच हे उत्तर सोडून दिले.

पाहा, आकडेमोड दोन्ही वेळा बिनचूक होती. तरीही एका वेळी दोन उत्तरे ठेवली आणि दुसऱ्या वेळी एकच ठेवले. आकडेमोड रीतीने होते. निवड मात्र विचाराने करावी लागते. संगणक आकडेमोड करील. कोणती अट घालायची, हे माणसालाच ठरवावे लागते.

शून्याविषयीही भास्कराचार्यांनी विचार केला. एखाद्या संख्येला शून्याने भागले, तर येणाऱ्या राशीला त्यांनी 'खहर' म्हटले. 'ख' म्हणजे शून्य आणि 'हर' म्हणजे भागणारी संख्या. ही राशी अनंत आहे, तिच्यात काही मिळवले किंवा तिच्यातून काही काढले, तरी ती बदलत नाही, असे त्यांचे मत होते. आजचे गणित हे मत जसेच्या तसे मानत नाही. बाराला शून्याने भागून जे उत्तर येईल, त्याला शून्याने गुणल्यावर पुन्हा बारा यायला हवेत. पण कोणत्याही संख्येला शून्याने गुणले, तरी शून्यच येते. म्हणून शून्याने भागाकार करता येत नाही, असे आज आपण शिकतो. थोर माणसांचे विचारही पुढच्या पिढ्या तपासून पाहतात. यात त्यांचा अपमान नाही. शून्याने भागताना काहीतरी वेगळे घडते आणि तिथे थांबून विचार केला पाहिजे, हे त्यांनी ओळखले, हेच त्यांचे मोठेपण.

भास्कराचार्यांनंतर त्यांची विद्या लोप पावली नाही. त्यांचे पुत्र लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव हेही विद्वान होते. देवगिरीच्या, म्हणजे आजच्या दौलताबादच्या यादव राजांकडे त्यांना मान होता. चांगदेवांनी आपल्या आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे, म्हणून पाटण येथे मठ स्थापन केला. इ. स. १२०७ मध्ये या मठाला दान मिळाले. बाजारात येणाऱ्या मालावर राजाला मिळणाऱ्या कराचा वाटा मठाला दिला गेला. ही हकिकत पाटणच्या शिलालेखात कोरलेली आहे. त्या शिलालेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये या शिलालेखाची माहिती प्रसिद्ध केली. भायखळ्याच्या राणीच्या बागेजवळील संग्रहालयाला आज त्यांचेच नाव आहे.

विद्येला भाषेची किंवा धर्माची भिंत अडवत नाही. अकबर बादशहाच्या आज्ञेवरून अबुल फजलचा भाऊ, कवी फैजी याने १५८७ मध्ये 'लीलावती'चा फारसी अनुवाद केला. पुढे शाहजहानच्या काळात अताउल्ला रश्दी याने 'बीजगणित' फारसीत आणले. त्या फारसी ग्रंथावरून १८१३ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. 'लीलावती'चे एक इंग्रजी भाषांतर १८१६ मध्ये आपल्या मुंबईतच छापले गेले. त्याच्याही पूर्वी, नवव्या शतकात, बगदादच्या अल्-ख्वारिज्मी या विद्वानाने भारतीय अंकांवर पुस्तक लिहिले होते. पायरीपायरीने उत्तर काढण्याच्या रीतीला आज जगभर 'अल्गोरिदम' म्हणतात. तो शब्द त्याच्याच नावावरून आला. संस्कृत, अरबी, फारसी आणि इंग्रजी अशा अनेक भाषांनी ही विद्या एकमेकींच्या हाती दिली.

मुलुंड आणि घाटकोपरच्या स्थानकांवरून जाणारे लोहमार्ग कल्याण, इगतपुरी, नाशिक रोड आणि मनमाड ओलांडून चाळीसगावला पोहोचतात. तिथून पुढे पाटणादेवीचे रान लागते. कधी तिकडे जाण्याचा योग आला, तर आठशे वर्षांपूर्वी त्या डोंगराच्या पायथ्याशी मुले 'लीलावती' शिकत होती, हे आठवा. आणि संगणकापुढे बसून पहिली 'जर-तर'ची सूचना लिहाल, तेव्हा क्षणभर थांबा. अट पुरी झाली तर काय करायचे, हे तर लिहाच. पण झाली नाही तर काय करायचे, हे लिहायला विसरू नका.

शब्दार्थ
अट – शर्त
सरासरी – औसत
ज्योतिर्विद – ग्रह-ताऱ्यांचे शास्त्र जाणणारा
घटिकापात्र – वेळ मोजण्याचे पाण्यावरचे भांडे
दंतकथा – तोंडातोंडी चालत आलेली गोष्ट
रूक्ष – कोरडे, खुश्क
त्रैराशिक – तीन संख्यांवरून चौथी काढण्याची रीत
व्यस्त – उलट
आढक – धान्य मोजण्याचे जुने माप
निःशेष – बाकी न उरता
पडताळा – उत्तराची तपासणी
शिलालेख – दगडावर कोरलेला लेख
अनुवाद – तर्जुमा

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) भास्कराचार्यांचा जन्म कोणत्या वर्षी झाला?
(आ) 'सिद्धान्तशिरोमणी' या ग्रंथाचे चार भाग कोणते?
(इ) 'लीलावती'चा फारसी अनुवाद कोणी केला?
(ई) पाटण येथे मठ कोणी स्थापन केला?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) वानरांच्या दुसऱ्या गणितात भास्कराचार्यांनी पाच हे उत्तर का सोडून दिले?
(आ) मिठाईवाला वीस लाडू का देऊ शकत नाही?
(इ) शून्याने भागाकार करता येत नाही, असे आज का मानतात?

३. 'जर-तर' वापरून वाक्ये जोडा.
(अ) पाऊस थांबेल. आम्ही मैदानावर खेळू.
(आ) तू पडताळा घेशील. तुझी चूक तुला सापडेल.

४. कंसातील योग्य शब्द वापरून रिकाम्या जागा भरा. (सम, विषम, सदोष)
(अ) भागाकारांची संख्या ........ असेल, तर आलेले उत्तर तसेच घ्यावे.
(आ) भागाकारांची संख्या ........ असेल, तर ते उत्तर ठरलेल्या संख्येतून वजा करावे.
(इ) अट पुरी होत नसेल, तर तो प्रश्न ........ समजावा.

५. उपक्रम : तुमच्या घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता 'जर', 'तर' आणि 'नाहीतर' हे शब्द वापरून लिहा. तुमचे लेखन मित्राला द्या. तेवढ्यावरून तो शाळेत पोहोचू शकेल का, ते पाहा.